नाव नको, पत्ता विचारा

माझ्या फोनमध्ये घरच्या लग्नकार्यांपेक्षा टास्क मॅनेजरचे फोटो जास्त निघतील. बार्शीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पतसंस्था, सीएंची ऑफिसं, दवाखाने, मार्केट यार्डातल्या आडती, शाळा अशा ठिकाणच्या मशीनची एएमसी माझ्याकडे असते. फोटो बहुतेक एकाच धाटणीचे. तिरका धरलेला फोन, स्क्रीनवर ट्यूबलाइटची चमक, कुठल्या तरी ओळीवर टेकवलेलं बोट आणि खाली मेसेज: "मॅडम, हे काय चालू आहे? व्हायरस आहे का? बंद करू?"

असं विचारणाऱ्याला मी कधी हसत नाही. आपल्या पैशांनी घेतलेल्या यंत्रात आपल्या नकळत काय चाललंय, हे विचारायलाच हवं. माझी तक्रार वेगळी आहे. आपण नावावरून घाबरतो, नावावरूनच शोध घेतो आणि नावावरूनच निकाल देऊन मोकळे होतो. संगणकात नावाइतकं स्वस्त काही नाही. फाईलला कुणीही कुठलंही नाव द्यावं. परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. आणि ज्यांनी खरी माहिती पुरवायची, ते सॉफ्टवेअर बनवणारे आणि ते सक्तीनं बसवायला लावणारी सरकारी खाती या चौकशीच्या वेळी कुठेच नसतात. सगळा भार त्या बोट टेकवणाऱ्यावर येतो.

आधी निरपराधांचं सांगते. सर्वांत जास्त बदनाम झालेली ओळ म्हणजे 'सिस्टिम आयडल प्रोसेस'. टास्क मॅनेजरमधल्या 'डिटेल्स'च्या यादीत तिच्यासमोर ९५ किंवा ९७ असा आकडा दिसतो आणि माणूस हादरतो: एकटीच सगळा प्रोसेसर खातेय! खरं तर ती प्रोसेसरच्या रिकाम्या वेळेची नोंद आहे. आकडा जितका मोठा, तितकं यंत्र निवांत. दुसरी बदनाम ओळ 'एसव्हीसीहोस्ट'. वाय-फाय, अपडेट, घड्याळाची वेळ जुळवणं अशा विंडोजच्या कितीतरी सेवा या एकाच फाईलच्या आधारानं चालतात. पूर्वी एकेका एसव्हीसीहोस्टमध्ये बऱ्याच सेवा कोंबलेल्या असत. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टनं त्यातल्या बहुतेक सेवा सुट्या केल्या. एक कोसळली तर बाकीच्या पडू नयेत आणि नेमकी कोणती सेवा जास्त मेमरी घेतेय हे कळावं, हा हेतू. त्यामुळे आता यादीत तेच नाव डझनांनी दिसतं. ते पसरलेल्या रोगाचं लक्षण नाही, यंत्रणेची मुद्दाम केलेली रचना आहे. सकाळी मशीन चालू केल्याबरोबर पंखा घोंघावायला लागला, तर बहुतेक वेळा टीआयवर्कर अपडेट बसवत असतो, नाहीतर विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा एमएसएमपीइंजिन फाईली तपासत असतो. तेवढ्यात चहा घेऊन यावा.

नाव विचित्र वाटलं म्हणून फाशी देण्याचा इतिहास जुना आहे. २००१ मध्ये एक ईमेल जगभर फिरली. तुमच्या मशीनमध्ये एसयूएलएफएनबीके नावाची फाईल सापडली तर तो व्हायरस आहे, ताबडतोब पुसा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा, असा त्यात निरोप होता. लोकांनी शोधलं, फाईल सापडली, पुसली, पुढे कळवलं. ती विंडोज ९८ ची स्वतःची फाईल होती, लांबलचक फाईलनावं परत मिळवण्याच्या कामाची. पुढच्याच वर्षी तशीच दुसरी अफवा आली. या वेळची फाईल होती जेडीबीजीएमजीआर, जावाच्या प्रोग्रॅमांतल्या चुका शोधण्याशी संबंधित. तिचं चिन्ह होतं टेडी बेअर. मायक्रोसॉफ्टच्या फाईलला खेळण्यातलं अस्वल कसं असेल, या एका शंकेवर असंख्य लोकांनी ती काढून टाकली. या दोन्ही वेळी व्हायरस लिहायची गरजच पडली नाही. मालकाच्या हातूनच मालकाच्या यंत्रातली फाईल पुसून घेतली गेली.

हे अडाण्यांचं काम, असं कुणी म्हणेल. तर मग २१ एप्रिल २०१० आठवा. मॅकॅफी या नामांकित अँटिव्हायरसच्या त्या दिवशीच्या अपडेटनं विंडोज एक्सपीचा अस्सल एसव्हीसीहोस्ट व्हायरस ठरवला आणि उचलून बाजूला केला. जगभरची मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली, त्यांचं नेटवर्क गेलं, ऑफिसं ठप्प झाली. म्हणजे 'अँटिव्हायरस आहे ना, मग आपण कशाला विचार करायचा' हे उत्तरही पुरेसं नाही. अँटिव्हायरस हवाच, पण तोही अंदाजच बांधत असतो. आपल्यापेक्षा पुष्कळ चांगला, इतकंच.

आता उलटी बाजू. भामट्याला हे सगळं ठाऊक असतं, म्हणून तो विचित्र नाव घेतच नाही. तो ओळखीचं नाव घेतो. एसव्हीसीहोस्टमधली दोन अक्षरं उलटसुलट करून 'एससीव्हीहोस्ट' करतो. पासवर्ड आणि लॉगिन सांभाळणाऱ्या 'एलसॅस'मधल्या छोट्या एलच्या जागी मोठा आय टाकतो. स्क्रीनवर दोन्ही सारखीच उभी रेघ. नाहीतर स्पेलिंगला हातही न लावता तेच नाव घेऊन दुसऱ्याच फोल्डरात ठाण मांडतो. अशा वेळी तुम्ही नाव टाकून इंटरनेटवर शोधलं तर काय मिळेल? 'ही विंडोजची आवश्यक फाईल आहे, काढू नका.' उत्तर बरोबर आहे, पण ते त्या नावाबद्दलचं उत्तर आहे, तुमच्या मशीनवर पडलेल्या फाईलबद्दलचं नाही. एआयला विचारा, तरी हेच. शिवाय नावानं शोधलं की पहिल्या पानावर अशीही संकेतस्थळं येतात जी प्रत्येक फाईलला थोडंफार घाबरवून शेवटी आपलंच 'क्लीनर' उतरवायला सांगतात. भीतीवर चालणारा हा धंदा आहे. 'तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे' असं सांगत फोन करणारे तोतये तंत्रज्ञही तेच करतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या रोजच्या, निरुपद्रवी एरर दाखवतात आणि समोरचा गांगरला की दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर उतरवायला लावतात.

मग ओळखायचं कसं? आपल्याकडे गावात अनोळखी माणूस आला की पारावर बसलेली मंडळी त्याचं नाव शेवटी विचारतात. आधी विचारतात: पाव्हणं कुठलं? कुणाचे? कुणी धाडलं? काय काम काढलंत? संगणकात बसलेल्या पाव्हण्यालाही हेच चार प्रश्न, याच क्रमानं विचारावेत.

कुठलं? टास्क मॅनेजरमध्ये त्या ओळीवर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' निवडा. अस्सल एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरात राहतो. ३२ बिटचा त्याचा जोडीदार शेजारच्या सिसवाव६४ मध्ये. तोच एसव्हीसीहोस्ट डाउनलोड्स, टेंप किंवा युझरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरातून चालताना दिसला तर पुढचं विचारायचीही गरज नाही. मात्र अ‍ॅपडेटात राहणारा प्रत्येक जण चोर नव्हे. कित्येक चांगले प्रोग्रॅम अ‍ॅडमिनचा पासवर्ड न मागता बसता यावं म्हणून तिथेच उतरतात. पत्ता पाहायचा तो 'या नावाच्या माणसाचं घर इथे असायला हवं का' हे ठरवायला.

कुणाचे? म्हणजे सही कुणाची. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब असतो. बनवणाऱ्या कंपनीची सही असेल आणि ती वैध दिसत असेल, तर एवढं नक्की कळतं की फाईल त्या कंपनीच्या सहीनं बाहेर पडली आणि त्यानंतर तिच्यात फेरफार झालेला नाही. इथे एक खाचखळगा आहे. विंडोजच्या स्वतःच्या कितीतरी फाईलींना हा टॅबच दिसत नाही, कारण त्यांच्या सह्या वेगळ्या कॅटलॉग फाईलीत एकत्र ठेवलेल्या असतात. टॅब नाही म्हणून नोटपॅडला बनावट ठरवू नका. मायक्रोसॉफ्टचं 'प्रोसेस एक्सप्लोरर' हे मोफत साधन त्याही सह्या तपासून दाखवतं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांच्या सिसइंटर्नल्सनं ते बनवलं आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली. माझ्या पेनड्राइव्हमध्ये ते कायम असतं.

कुणी धाडलं? प्रत्येक प्रोसेसला दुसऱ्या कुणीतरी जन्म दिलेला असतो. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये हे नातं वंशावळीसारखं दिसतं. एसव्हीसीहोस्टला सुरू करणारी असते विंडोजची सर्व्हिसेस ही प्रोसेस. डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम उघडला तर त्याच्या मागे एक्सप्लोरर असतो. पण वर्डची फाईल उघडली आणि वर्डच्या पोटातून विंडोजला थेट आदेश देणारा पॉवरशेल निघाला, तर थांबा. दोन्ही मायक्रोसॉफ्टचे, दोघांच्या सह्या अस्सल, दोघे आपापल्या घरी राहणारे. तरीही वर्डला पत्र लिहिताना पॉवरशेलची गरज पडत नाही. 'बिल' नावानं आलेल्या ईमेलीतली वर्डची फाईल मॅक्रोच्या, म्हणजे फाईलीतच दडवलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, आडून हाच उद्योग करते. एकेकटी प्रोसेस पाहिली तर दोन्ही निर्दोष. गुन्हा दिसतो तो त्यांच्या नात्यात.

आणि काय काम काढलंत? प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क यांचे आकडे बघा. मशीनवर कुणी काम करत नसताना प्रोसेसर सतत चढलेला आणि टास्क मॅनेजर उघडताक्षणी शांत, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर तुमच्या विजेवर कुणीतरी क्रिप्टो नाणी पाडत असण्याची शंका घ्यावी. अशी नाणी पाडणारे काही प्रोग्रॅम, म्हणजे मायनर, मुद्दाम तसे लिहिलेले असतात. वागणुकीवरून पकडलेल्या चोरीचं याहून मोठं उदाहरण मार्च २०२४ मधलं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या लिनक्स मशीनवर लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि लॉगिनची प्रोसेस उगाच जास्त प्रोसेसर घेतेय, एवढंच खटकलं. तो खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या, फाईली आकसून लहान करणाऱ्या सर्वमान्य सॉफ्टवेअरमध्ये पद्धतशीर पेरलेला चोरदरवाजा सापडला. नाव, पत्ता, मूळ सगळं ठीक होतं. फक्त पाव्हणा आपल्या कामाला लागायला हवा त्याहून थोडा जास्त वेळ घेत होता.

वागणुकीच्या बाबतीत मराठी माणसाला एक खास अडचण आहे. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तुम्ही दाबलेली प्रत्येक की वाचतं. वाचल्याशिवाय रोमन अक्षराचं देवनागरी करणार कसं? पासवर्ड चोरणारा कीलॉगर नेमकं हेच करतो. म्हणून डीटीपीवाल्यांच्या मशीनवर अँटिव्हायरस जुन्या मराठी टायपिंगवर भुंकतो, आणि मालक वैतागून अँटिव्हायरसच बंद करतो. गूगलनं विंडोजसाठीचं आपलं ऑफलाइन इनपुट टूल काढून घेतल्यावर त्याच्या प्रती कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवल्या जातात. दाबलेली प्रत्येक की वाचायची मुभा आपण कुणा अनामिकाला देतोय, हे फार कमी जणांच्या ध्यानात येतं. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आला आहे. तो वापरावा, एक पाव्हणा कमी.

या चार प्रश्नांनी सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घुसखोर प्रोग्रॅमनं आपल्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या मारल्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्याच संकेतस्थळावरून, कंपनीच्याच सहीनं बाहेर पडली आणि तिच्यात घुसखोर बसलेला होता, सुमारे २२.७ लाख मशीनवर ती गेली. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस सुटला, तो युक्रेनमधल्या एमईडॉक या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्याकडे टॅली जितकं रुळलंय, जवळपास तितकं ते तिथल्या कंपन्यांत रुळलेलं होतं. रोजच्या ओळखीची अपडेट करणारी प्रोसेस, तिच्या हातून आलेली एक फाईल, आणि ती चालवायला विंडोजचाच रनडीएलएल३२. तिथून ती आग मर्स्क या जहाज कंपनीत पोचली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही बंद पडलं. कंटेनर अडकले, ट्रकच्या रांगा लागल्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर कीव्हचं आणि खोळंबा रायगड जिल्ह्यात.

म्हणून माझ्या मते 'ही प्रोसेस सुरक्षित आहे का' या प्रश्नाला सुटं उत्तरच नसतं. 'या मशीनवर, या माणसाच्या कामासाठी, आज ती असायला हवी का' असा प्रश्न विचारला तरच उत्तर मिळतं. एनीडेस्क हे दुसऱ्याचं मशीन दुरून चालवण्याचं अ‍ॅप याचं उत्तम उदाहरण आहे. अस्सल कंपनीचं, सही असलेलं, मी स्वतः रोज वापरते. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला याच अ‍ॅपचं नाव घेऊन बँकांना सावध करावं लागलं, कारण त्याच्या आधारे ग्राहकांच्या खात्यांतले पैसे काढले जात होते. माझ्या दुकानातल्या मशीनवर ते हत्यार आहे. पतसंस्थेच्या रोखपालाच्या मशीनवर, कुणी बसवलं हे कुणालाच आठवत नसताना, पासवर्ड टाकून कायम उघडं ठेवलेलं असेल, तर तेच भोक आहे. कुठल्याही अँटिव्हायरसला हा फरक कळणार नाही. तो कळतो फक्त त्या ऑफिसला, आणि तोही त्यांनी कुठेतरी लिहून ठेवला असेल तर.

इथे आपल्या धंद्यातली एक घाण सांगितलीच पाहिजे. फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओ, डीटीपी सेंटर, आणि खेदानं सांगते, काही शाळासुद्धा, क्रॅक केलेलं विंडोज आणि क्रॅक केलेलं फोटोशॉप चालवतात. विंडोजच्या क्रॅकबरोबर एक 'अ‍ॅक्टिव्हेटर' येतो. मोठ्या संस्थांना स्वतःच्या सर्व्हरवरून लायसन्सचं नूतनीकरण करता यावं म्हणून मायक्रोसॉफ्टनं केएमएस नावाची सोय केली आहे. हा अ‍ॅक्टिव्हेटर त्या सर्व्हरचं सोंग घेतो आणि मधूनमधून पुन्हा चालण्यासाठी मशीनमध्ये कायमचा मुक्काम करतो. बसवताना पहिली सूचना असते: अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे अनोळखी पाव्हण्याला सर्वांत मोठे अधिकार देऊन, राखणदाराला सुट्टी देऊन आपण घरात घेतो, आणि पुढे एसव्हीसीहोस्टच्या ओळीवर बोट ठेवून 'हा व्हायरस आहे का' विचारतो. माझ्या धंद्यातले काही जणच हे करून देतात. त्यांच्याशी माझं भांडण आहे आणि राहील.

पण मुख्य भांडण वरच्यांशी आहे. माझ्याकडच्या एखाद्या सीएचं मशीन घ्या. त्यावर डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर असतो. जीएसटीच्या आणि इतर सरकारी संकेतस्थळांवर सही उमटवायला एकेक सायनर असतो, तो पाठीमागे चालू राहून ब्राउझरशी बोलतो. सेवा केंद्राच्या मशीनवर बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस असते. आधार प्राधिकरणाच्या नियमानुसार ती मशीनच्या ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर कान लावून बसते. यातलं काहीही हौसेनं बसवलेलं नाही. विवरणपत्र भरायचं, दाखला काढायचा तर बसवावंच लागतं. आणि नेमक्या याच प्रोसेसचे फोटो मला सर्वांत जास्त येतात, कारण नावं आगापिछा नसलेली, वर्णनाची जागा कोरी, एखादीवर सही नाही. काही सायनरांबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत तर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, अडचण आल्यास अँटिव्हायरस तात्पुरता बंद करा' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. क्रॅकवाला आणि सरकारी कामाचा पुरवठादार एकच वाक्य बोलू लागला, तर सामान्य माणसानं दोघांतला फरक कसा करायचा?

बड्या कंपन्याही यात धुतल्या तांदळासारख्या नाहीत. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी मशीनमध्ये घातल्या की न सांगता एक सॉफ्टवेअर बसायचं. कॉपी रोखण्यासाठी असलेलं हे सॉफ्टवेअर स्वतःच्या फाईली आणि प्रोसेस विंडोजपासून लपवायचं. वर सांगितलेल्या रुसिनोविचनं ते शोधून त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला जगासमोर मांडलं. त्यातल्या एका सेवेला नाव दिलं होतं 'प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर', म्हणजे पाहणाऱ्याला ती विंडोजचीच वाटावी. बोंब झाली, सीडी परत मागवाव्या लागल्या. त्या प्रकरणाचा धडा लपवाछपवी करू नका एवढाच घेतला गेला. पण न लपवता नुसतं गप्प बसणं, हेही मालकाच्या दृष्टीनं फारसं वेगळं नाही.

माझी मागणी साधी आहे. ज्या सॉफ्टवेअरशिवाय नागरिकाचं सरकारी काम होत नाही, त्याच्या डाउनलोडच्या पानावर मराठीत एक तक्ता असावा. यानंतर तुमच्या मशीनवर कोणत्या प्रोसेस चालू राहतील, त्या कोणत्या फोल्डरात असतील, त्यांवर कुणाची सही असेल, त्या कोणत्या पोर्टवर ऐकतील, कुणाशी बोलतील, आणि काम झाल्यावर त्या बंद कशा करायच्या. शेजारी फाईलचा हॅश द्यावा, म्हणजे फाईलच्या मजकुरातून गणितानं निघणारा ६४ अक्षरांचा ठसा. नाव कुणीही चोरू शकतो. पण एका अक्षराचा जरी बदल झाला तरी हा ठसा जुळत नाही. असा तक्ता दिला तर चोरांना आयती माहिती मिळेल, असा आक्षेप येईल. चोर ते सॉफ्टवेअर उतरवून पाच मिनिटांत ही सगळी माहिती काढतो. ती नाही फक्त मालकाकडे.

तोवर आपण काय करायचं? मशीन नवं किंवा नुकतंच स्वच्छ केलेलं असतं, त्याच दिवशी चालू प्रोसेसची आणि मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी काढून तारीख घालून ठेवा. सिसइंटर्नल्सचंच 'ऑटोरन्स' आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी काढून देतं आणि पुढे जुनी यादी नव्या यादीशी ताडूनही देतं. अनोळखी म्हणजे काय, हे ओळखीच्यांची यादी असल्याशिवाय ठरतच नाही. रोजचं काम अ‍ॅडमिनच्या खात्यावरून करू नका. साध्या खात्यावर शिरलेल्या प्रोसेसचे हात आखूड राहतात. शंका आली तर फाईलचा हॅश व्हायरसटोटलवर तपासा, तिथे कितीतरी अँटिव्हायरसांचं मत एकदम कळतं. पण सभासदांच्या याद्या किंवा ग्राहकांची कागदपत्रं तिथे चढवू नका. तिथली फाईल सुरक्षा क्षेत्रातल्या इतरांच्याही हाती पडते. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर सफाईची साधनं मोफत मिळतात.

आणि संशय पक्का झाला तर 'एंड टास्क' दाबायची घाई करू नका. नुसती मारली तर प्रोसेस परत उठते, आणि पुरावाही जातो. आधी नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, स्क्रीनचा फोटो घ्या, वेळ लिहा. मशीन फॉरमॅट करू नका. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पतसंस्था, कंपन्या यांच्यासाठी सीईआरटी-इनचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे की घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. हे सहा तास 'बघू, सोमवारी मॅडम येतील' म्हणण्यात संपतात, हा माझा नेहमीचा अनुभव.

सहा तासांचा नियम संस्थांना लावणाऱ्या सरकारनं स्वतःलाही एक नियम लावून घ्यावा. जे सॉफ्टवेअर नागरिकाच्या मशीनवर सक्तीनं बसवायचं, ते पाठीमागे काय करणार हे त्याला आधी, त्याच्या भाषेत, लेखी सांगायचं. ज्या खात्याला हे सांगता येत नसेल, त्याला ती सक्ती करण्याचा अधिकार नसावा.